थंड पूजा

आमच्या कारखान्यातले लोक एका लोखंडी पाइपाच्या पाया पडायचे. याला सर्वस्वी काका जबाबदार होते.

काका म्हणजे आमचे सेफ्टीवाले. कागदावर त्यांचं पद चांगलं लांबलचक होतं, पण मराठी माणसं त्यांना काका म्हणत आणि बिहारकडची माणसं फायर चाचा. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारा आमचा मध्यम कारखाना. तिथं टोल्युइन, अ‍ॅसिटोन असली सॉल्व्हंट पिंपांनी यायची. दिसायला पाणी, पेटायला पेट्रोल. त्या पिंपांच्या गोदामाचा मी स्टोअरकीपर. म्हणजे काकांचा जीव सगळ्यात जास्त ज्या जागेत अडकलेला, तिथली किल्ली माझ्याकडे. त्यामुळे आमचं नातं सासूसुनेचं होतं. दिवसातून चारदा कटकट, आणि एक दिवस दुसरा दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

प्लँटच्या दाराशी जमिनीत गाडलेला तो पाइप अर्थिंगचा होता. चालता-बोलता माणसाच्या अंगावर थोडी वीज साठते. तिची ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही, पण टोल्युइनच्या वाफेला तेवढी पुरते. म्हणून आत शिरण्याआधी पाइपाला हात लावायचा आणि अंगावरची वीज जमिनीत सोडून द्यायची, असा नियम. नियम सगळीकडेच असतो, आमच्याकडे पाळणारे काका एकटे होते. ही सवय त्यांच्यात इतकी मुरली होती की बँकेत गेले तरी आधी दाराच्या लोखंडी जाळीला हात लावत. माझ्या लग्नात त्यांनी आधी मांडवाच्या खांबाला हात लावला आणि मग माझ्या हातात आहेर ठेवला. बायकोने मला हळूच विचारलं, "हे कोण? आपल्याला सोडून खांबाला का नमस्कार करतात?"

बायकोची जी समजूत झाली तीच रिअ‍ॅक्टरवरच्या ऑपरेटरची झाली. हा बिहारचा, चाळिशीतला, भाविक माणूस. चाचा रोज सकाळी या पाइपाला हात लावतात म्हणजे इथं काहीतरी असणार, असं त्याने ठरवलं. एक दिवस बघतो तर पाइपाला हळदकुंकू लावलेलं आणि झेंडूची माळ घातलेली. मॅनेजर भडकले. काका त्यांना म्हणाले, "र्‍हाऊ दे साहेब. इतकी वर्षं बोंबललो, कोनी हात नाय लावला. आता देव झाला तर सगळे लावतात. आपल्याला हात लावल्याशी मतलब."

खरंच सगळे लावू लागले. त्या पाइपाच्या माथ्यावरचा रंग उडून तो तांब्याच्या भांड्यासारखा गुळगुळीत झाला. फक्त एक अट काकांनी घातली होती. पूजा थंड पाहिजे. फुलं, हळदकुंकू, पाणी, हवं तर नारळ. पण दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर तर नावही काढायचं नाही. तेव्हापासून आमच्या कारखान्यात थंड पूजा हा शब्दच रूढ झाला. कुणी नवीन माणूस आला की जुने त्याला बजावत, इधर ठंडी पूजा चलती है.

भेटल्यावर नमस्कार-चमत्कार करण्याऐवजी काका विचारायचे, "वारा कुठला?" सांगता आलं नाही की त्या माणसाचा दिवस वाईट. त्यांच्या मते आग लागली की माणसं धुराने मरतात आणि धुरात शिरतात ती वारा माहीत नसल्याने. कंपनीने वारा दाखवणारी महागडी नारिंगी पिशवी छपरावर बसवली होती, ती एका पावसाळ्यात गंजून कायमची पालघरकडे तोंड करून बसली. काकांनी मग काकूंच्या जुन्या सुती लुगड्यांच्या चिंध्या फाडून जागोजागी खांबांना बांधल्या. जांभळ्या, हिरव्या, काठाच्या. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इथं नवस फेडतात. स्वतः काका कुठंही बसताना वाऱ्याकडे तोंड करून बसत. त्यांच्यासोबत चहाला जायचं म्हणजे टपरीच्या स्टोव्हपासून लांब, भलत्याच कोपऱ्यात, उन्हात उभं राहायचं.

सकाळी कामगार रांगेने आत येत, तेव्हा काका एकेकाच्या शर्टाचं कापड चिमटीत धरून बघायचे, कापडदुकानात बघतात तसं. नायलॉनवर वीज साठते, म्हणून ते निघालं की परत घरी. वाळूच्या लाल बादल्यांमध्ये लोक विडीची थोटकं आणि गुटख्याच्या पुड्या टाकत. काका दर शनिवारी घरून काकूंची पिठाची जुनी चाळण आणून ती सगळी वाळू चाळत बसायचे. आम्ही हसायचो. ते मान वर न करता म्हणायचे, "हसा. सांडलं का पानी नाय, वाळू. ध्यानात ठेवा." सॉल्व्हंट पाण्यावर तरंगतं. पाणी मारलं की ते विझत नाही आणि जातही नाही, पाण्यावर बसून गटारातून फिरायला निघतं, आणि जिथं ठिणगी भेटेल तिथं पेटतं. एवढं सगळं समजावण्यापेक्षा त्यांना ते पाच शब्द बरे वाटत. मला ते पाच शब्द झोपेतही म्हणता आले असते. म्हणता येणं आणि ध्यानात ठेवणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

पण काकांची खरी मिजास त्यांच्या नाकाची होती. कारखान्यात वाफ मोजायचं एक यंत्र होतं, ते दुरुस्तीला गेलं ते गेलंच. काकांना त्याचं दुःख नव्हतं. वेल्डिंगचं काम निघालं की आधी ते फेरी मारायचे. सॉल्व्हंटची वाफ जड, ती जमिनीलगत सरपटते, म्हणून प्रत्येक गटाराच्या जाळीशी गुडघे टेकून, नाक खाली नेऊन वास घ्यायचे. टोल्युइन कुठलं, अ‍ॅसिटोन कुठलं, कालचं कुठलं, आत्ताचं कुठलं, सगळं सांगायचे. केळव्याच्या वाडीत पानवेली आणि चाफ्यात वाढलेलं नाक ते. नवीन माणसांना शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे.

"धा मिन्टांनी वास येनं बंद होतं. तुमाला वाटतं वास गेला. वास नाय गेला, नाक गेलं. सकाळपासून टोल्युइनमधी बसलेल्या मानसाला वास हाय का म्हनून कदी इचारू नये."

हे सांगताना ते बोट माझ्याकडे दाखवायचे, कारण सकाळपासून टोल्युइनमध्ये बसलेला माणूस म्हणजे मीच. सगळे हसायचे, मीही हसायचो.

थंड पूजेत एक सवलत होती. ऑपरेटर दरवर्षी दसरा जवळ आला की काकांच्या मागे लागायचा, चाचा, भगवान को एक अगरबत्ती तो चाहिए. काकांनी शेवटी मान्य केलं. त्यांचं म्हणणं, बंदी घातली तर चोरून लावतील, आणि चोरून लावलेली उदबत्ती मला दिसणार नाही. म्हणून खंडेनवमीला, प्लँट रिकामा आणि बंद असताना, काका वासाची फेरी मारणार आणि मग पाइपाला एक उदबत्ती. तिच्यासाठी ते वेल्डिंगला भरतात तसलं परमिट भरायचे. कामाचे स्वरूप, उदबत्ती, नग एक. कालावधी, विझेपर्यंत. खाली त्यांची सही, आणि गोदाम जवळ म्हणून शेजारी माझी. मॅनेजर हा कागद लोकांना दाखवून हसायचे. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. कारखान्यातली एकुलती एक काडेपेटी त्यांच्या कपाटात असायची, ती ते त्या दिवशी स्वतः ऑपरेटरच्या हातात द्यायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका आजारी पडले, दोन आठवड्यांनी बरे होऊन आले. पुढे एका रविवारी मी त्यांच्याकडे केळव्याला गेलो होतो. आम्ही ओटीवर बसलो होतो, काकू मागे वाडीत पानं खुडत होत्या. काका मला गटारांचा नकाशा काढून दाखवत होते. आतून दूध करपल्याचा वास येऊ लागला, मग घरभर धूर झाला. काका दाराला पाठ करून बोलतच होते. मी म्हटलं, "काका, दूध करपलं."

ते उठून आत गेले, पातेलं उतरवलं, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा हातात चाफ्याचं फूल होतं. ते त्यांनी माझ्यासमोर नाकाला लावलं.

"काय नाय," ते म्हणाले. "आजारानंतर गेलं ते आलंच नाय. चाफा नि सुकट सारकंच."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हनतात. नाय पन येनार." मग त्यांनी माझा हात धरला. काकांनी कुणाचा हात धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "कोनाला बोलू नको. रिटायर व्हायला दोन वरसं र्‍हायली माजी. नाक नाय तं मी कोन रे? वाळू चाळनारा म्हातारा."

मला त्यांची दया आली, हे कबूल केलं पाहिजे. आणि थोडा आनंदही झाला, कारण काकांना कधी कुणाची गरज पडली नव्हती आणि आता माझी पडली होती. यंत्र दुरुस्त करून आणा, असं मॅनेजरना सांगायची ती वेळ होती. काकांनी सांगितलं नाही, मीही नाही. त्याऐवजी आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. काका नेहमीसारखे जाळीशी गुडघे टेकणार. मी शेजारी परमिटची फाइल घेऊन उभा राहणार. वास आला की मी खोकायचं. काका लगेच हात वर करून काम थांबवणार.

दीड वर्ष ही युक्ती बिनबोभाट चालली. दोनदा मी खोकलो, दोन्ही वेळा खरंच गळती निघाली, आणि दोन्ही वेळा काकांच्या नाकाचं कौतुक झालं. काका तेव्हा माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी सकाळी लवकर गोदामात गेलो. एका पिंपाचं बूच गळत होतं, म्हणून त्यातलं टोल्युइन दुसऱ्या पिंपात ओतायला घेतलं. तास-दीड तास त्यातच होतो. ओतताना बादलीभर सांडलं. सांडलं का पानी नाय, वाळू. बादल्या समोर होत्या. पण गोदामाच्या दारापासून पाइपापर्यंत रांगोळी काढायची होती, माणसं नवे कपडे घालून येणार होती, आणि वाळू टाकली असती तर ती फरशी दिवसभर घाण दिसली असती. मी नळी घेतली आणि सगळं धुऊन काढलं. पाणी जाळीतून गटारात गेलं. ते गटार पाइपाच्या पायथ्याशी जातं, हे मला काकांच्या नकाशावरून पाठ होतं. मी वाकून वास घेतला. काही नव्हतं. मला वाटलं, गेलं.

काका आले, वारा विचारून झाला, परमिट भरून झालं. मी सही केली. पाइपाजवळच्या जाळीशी त्यांनी गुडघे टेकले, नाक खाली नेलं, आणि वाट बघितली. माझ्यासाठी. मीही मनापासून वास घेतला. मला झेंडूचासुद्धा वास येत नव्हता, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही. मी खोकलो नाही.

काका उठले, गुडघे झटकले आणि काडेपेटी ऑपरेटरच्या हातात दिली. तो पाइपासमोर बसला. काडी ओढल्याबरोबर जाळीतून आग वर आली. आवाज मोठा झाला नाही, कुणीतरी गादी आपटावी तेवढाच. पण आग जाळीजाळीतून गोदामाच्या दिशेने पळत गेली आणि ऑपरेटर दोन्ही हात पुढे धरून ओरडत उभा होता.

पुढचे काका मी कधी विसरणार नाही. त्यांनी ऑपरेटरला कॉलर धरून ओढला आणि दाराशेजारच्या सेफ्टी शॉवरखाली ढकलला. दोघांना त्याच्याजवळ उभं केलं, पाणी बंद करायचं नाही म्हणून सांगितलं. कुणीतरी नळी आणली ती त्याच्या हातातून हिसकावली. "पानी नाय! वाळू!" मग गोदामाच्या अलीकडे गटाराच्या तोंडावर एकामागून एक बादली रिकामी करत गेले. चाळलेली, स्वच्छ, कोरडी वाळू. आग तिथं अडली. मागून फोमचे सिलिंडर आले. बंब पोचला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. गोदाम पेटलं असतं तर आजूबाजूचे चार कारखाने गेले असते, असं बंबवाले म्हणाले.

ऑपरेटरला दवाखान्यात नेल्यावर काका गोदामाच्या पायरीवर येऊन बसले. भुवया जळल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "वास नव्हता ना?"

"नव्हता, काका."

ते खाली बघत राहिले. मग तळवा फरशीवर टेकवला आणि ओला हात माझ्यासमोर धरला.

"फरशी ओली हाय तुजी," ते म्हणाले.

 त्यांनी खिशातून परमिट काढलं, आमच्या दोघांच्या सह्यांचं, घडीवर घडी घालून त्याचं सुपारीएवढं केलं आणि परत खिशात ठेवलं. दुपारी चौकशीला साहेब लोक आले. परमिट कुठं आहे, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "केलंच नव्हतं. मी तोंडी सांगितलं. माजं नाक गेल्यालं हाय दीड वर्षापासून, ते मी कोनाला बोललो नाय. ह्यात बाकी कोन नाय." मी तीन हात अंतरावर उभा होतो. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर पुरलं असतं. माझी नोकरी, माझी बायको, माझी लहान मुलगी असं सगळं माझ्या डोक्यात आलं आणि मी जिथल्या तिथं उभा राहिलो.

काकांना त्याच महिन्यात घरी बसवलं. निरोप समारंभ नाही, शाल-नारळ नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात सुरक्षा कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा हे शब्द होते. मी त्यांना त्यानंतर दोनदाच भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी वारा विचारला, काकूंनी चहा दिला, आणि त्या दिवसाचं अवाक्षर निघालं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी जात राहिलो असतो.

ऑपरेटर वाचला. दोन्ही हातांची बोटं आखडली, वॉल्व्ह फिरवता येत नाही, म्हणून त्याला गेटवर वॉचमन केलं. येता-जाता तो मला मनगटांनी नमस्कार करतो. पाइपावर अजूनही माळ असते. नवीन सेफ्टी ऑफिसर आले, नवीन यंत्र आलं. काकूंच्या लुगड्यांच्या चिंध्या उन्हाने विरून गेल्या, एकदोन खांबांवर नुसत्या गाठी आहेत.

यंदा थंडीत काका गेले. केळव्याच्या किनाऱ्यावरच्या स्मशानात आम्ही कारखान्यातले पंधरा-वीस जण पोचलो तेव्हा लाकडं रचून झाली होती. लोखंडी सांगाड्यात काका निजले होते. गावातली माणसं एकेक करून पायांशी वाकत होती. आमच्यातला ऑपरेटर सगळ्यात पुढे होता. त्याने आधी सांगाड्याच्या खांबाला आपला आखडलेला हात लावला, मग काकांच्या पायांना. त्याच्या मागचा प्रत्येक जण तसंच करत गेला. आधी लोखंड, मग पाय. माझ्या शेजारचा एक गावकरी मला म्हणाला, "तुमच्याकडची काय रीत हाय का ही?" मी हो म्हटलं.

चिता पेटली. आम्ही वाऱ्याकडे तोंड करून, धुरापासून लांब, एका बाजूला उभे होतो. कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने वारा फिरला आणि धूर आमच्या अंगावर आला. मला खोकला आला.

त्याबरोबर आमचे सगळेच्या सगळे लोक झटकन दोन पावलं मागे सरले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. रिअ‍ॅक्टरवाले, पॅकिंगवाले, बॉयलरवाला, सगळे. कुणी माझ्याकडे बघेना. काकांचं नाक गेलंय हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि दीड वर्ष त्या सगळ्यांचा जीव माझ्या खोकल्यावर होता.

ऑपरेटर माझ्या जवळ उभा होता. आगीकडे बघत, अगदी हळू, तक्रारीचा सूर नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "उस दिन मैंने चाचा को नहीं देखा था, साहब. आपको देखा था. आप खाँसे नहीं."

"नहीं खाँसा," मी म्हणालो.